हातांवर उभा माणूस कसा पाहावा: हँडबॅलन्सिंगच्या नव्या प्रेक्षकांसाठी

हँडबॅलन्सिंगचा, म्हणजे हातांवर तोल सांभाळण्याच्या कलेचा, प्रयोग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दोनदा जोरात टाळ्या वाजवल्या. एकदा कलाकार एका कोपरावर पोट टेकवून आडवा झाला तेव्हा, आणि एकदा त्याने खांबावरून खाली उडी घेतली तेव्हा. मधल्या वेळात तो एका हातावर उभा राहून उघडे पाय अगदी सावकाश जवळ आणत होता, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

पुढे नवशिक्यांच्या वर्गात दीड वर्ष घाम गाळला तेव्हा कळलं, की मी टाळ्या दिल्या त्या दोन्ही जागा त्याच्या विसाव्याच्या होत्या. त्या संध्याकाळची सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. ही कला शांत आहे. कुठे पाहायचं हे कुणी सांगितलं नाही तर ती डोळ्यांसमोर घडूनही दिसत नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी काय काय हवं

- अनवाणी उभं राहता येईल एवढी जागा आणि एक रिकामी भिंत
- व्हिडिओ संथ गतीने पाहता येईल असा फोन
- छोटी वही (प्रयोग चालू असताना लिहायचं नाही, नंतर लिहायचं)
- एकाच कलाकाराचा न कापलेला, पाच-सात मिनिटांचा सलग व्हिडिओ. काही सेकंदांच्या तुकड्यांनी काम होणार नाही, त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

१. आधी एका पायावर उभे राहा

वाचन थोडं थांबवा. चप्पल काढून एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. घोट्याजवळ काय चाललंय याकडे लक्ष द्या. पाऊल गप्प बसत नाही. बोटं जमीन धरतात, टाच दबते, घोटा डावीकडे-उजवीकडे हलतो. तुम्ही स्थिर आहात असं बाहेरून वाटत असताना पाऊल सतत दुरुस्त्या करत असतं.

हातांवर उभा राहिलेला माणूस हेच काम तळहात आणि मनगट यांच्याकडून करून घेतो. तळहात पावलापेक्षा आखूड असतो आणि मनगटाचे स्नायू पोटरीच्या मानाने फारच लहान. शिवाय डोकं खाली, म्हणजे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला सवयीबाहेरच्या स्थितीत काम करावं लागतं. एवढी एक गोष्ट अंगाने कळली की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

२. पाय सोडा, हात पाहा

नव्या प्रेक्षकाची नजर आपोआप वर, पायांकडे जाते. ती मुद्दाम खाली आणा. पूर्ण प्रयोगभर नाही, पण पहिली दोन मिनिटं फक्त तळहात पाहा.

हातांवर उभं राहिल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य तळहाताच्या वर राहिला पाहिजे. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत जेवढी लांबी, तेवढीच काय ती मोकळीक. शरीर पाठीच्या बाजूला कलायला लागलं, की बोटांची टोकं जमिनीत रुततात, पेरं पांढरी पडतात आणि शरीर परत जागेवर येतं. ही सोपी दुरुस्ती. शरीर उलट्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूने पाय वर गेले त्या बाजूला कलायला लागलं तर काम अवघड होतं, कारण तळहाताच्या मनगटाकडच्या टोकाला ढकलायला फारशी जागाच नसते. मग खांदे पुढे न्यावे लागतात, कोपर किंचित वाकवावं लागतं, नाहीतर कमरेत वाकून सावरावं लागतं. म्हणून अनुभवी कलाकार वजन किंचितसं बोटांकडे ठेवतात. तिकडचा दरवाजा बंद करायला बोटं आहेत.

हे एकदा ओळखलं की तुम्हाला कलाकाराची पातळी कळू लागेल. नवशिक्याची दुरुस्ती पायांत दिसते, पाय हवेत चाचपडतात. थोडा तयार झालेला कमरेतून सावरतो. मुरलेल्या कलाकाराची सगळी दुरुस्ती बोटांत आणि मनगटात संपते, वरच्या शरीरात ती दिसतही नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. हाताची थरथर म्हणजे कलाकार थकला किंवा चुकला असं नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू थरथरताना दिसले तर ते त्यांचं काम करत आहेत. थरथर खांद्यापर्यंत पोचली आणि कोपर नरम पडायला लागलं, तर मात्र समजा की ताकद संपत आली आहे.

३. पाच-सहा नावं ओळखीची करा

सगळी शब्दावली पाठ करायची गरज नाही. एवढी पुरे.

*सरळ हँडस्टँड:* दोन्ही हात, पाय जुळलेले, मनगटापासून घोट्यापर्यंत एक रेघ. जुन्या छायाचित्रांत पाठीची कमान आणि वर उचललेली मान दिसते. ती त्या काळची पद्धत होती, तिला चूक समजू नका.

*स्ट्रॅडल:* पाय दोन्ही बाजूंना उघडलेले. दिसायला भपकेदार, पण सरळ पायांपेक्षा सोपं, कारण पाय उघडले की गुरुत्वमध्य खाली येतो. आपण नेमकं उलट समजतो.

*क्रोकोडाइल:* कोपर पोटाच्या बाजूला टेकवून शरीर आडवं. मयूरासन माहीत असेल तर हे लगेच समजेल. हात बदलून एकाच कोपरावरही करतात. प्रेक्षक इथे हमखास टाळ्या देतात. पण वजन हाडांवर विसावलेलं असल्यामुळे कलाकार बऱ्याचदा इथे श्वास घेतो.

*प्लँश:* शरीर तसंच आडवं, पण कोपर सरळ आणि पोटाला कशाचाही टेकू नाही. खांदे हातांच्या बरेच पुढे गेलेले. दुरून क्रोकोडाइलसारखं दिसतं आणि मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक. कोपर वाकलंय की सरळ आहे, एवढंच पाहा.

*फ्लॅग:* एका हातावर उभं राहून शरीर बाजूला झेंड्यासारखं आडवं करणं.

*मेक्सिकन:* पाठ इतकी कमानदार की पाय डोक्यावरून पलीकडे जमिनीला समांतर जातात. यात खांदे आणि पाठ यांची लवचीकता लागते. याच घराण्यातला, हातांवर उभं राहून पायांनी बाण मारण्याचा खेळ आजही होतो. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींत रंगवलेल्या एका भांड्यावर हाच खेळ करणारी स्त्री आहे. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तिच्या मनगटांकडेच पाहत होते.

४. वर कसा गेला आणि खाली कसा आला, ते पाहा

फोनवरचे छोटे तुकडे इथेच फसवतात. त्यांत पोझ असते, पण पोझमध्ये जाणं आणि तिथून बाहेर येणं कापलेलं असतं. निम्म्याहून जास्त कौशल्य तिथेच असतं.

पाय झटक्याने वर फेकून हातांवर जाता येतं. व्यावसायिक कलाकार बहुतेक वेळा प्रेस करून जातात, म्हणजे उडी न मारता, हळूहळू. हात टेकलेले, खांदे पुढे झुकतात, कंबर खांद्यांच्या वर चढते, आणि मग पाय जमीन सोडतात. पावलं सुटण्याचा तो क्षण पकडायचा प्रयत्न करा. चांगल्या प्रेसमध्ये तो सापडत नाही. पाय आता जमिनीवर होते आणि आता नाहीत, मध्ये ढकलल्याची खूणच नाही.

खाली येणं याहून बोलकं. थकलेला माणूस वर जाऊ शकतो, पण सावकाश खाली येताना ताकद उरलेली लागते. मी आता प्रयोगाच्या शेवटच्या मिनिटातलं उतरणं मुद्दाम पाहते. तिथे पावलं आवाज न करता टेकली, की त्या माणसाने किती वर्षं घालवली असतील त्याचा अंदाज येतो.

५. एका हातावर जाण्याचा क्षण

याच्यासाठीच बरेचसे लोक ही कला शिकायला येतात, आणि बरेचसे मध्येच सोडतात. दोन हातांवर मिनिटभर स्थिर उभं राहायला लागल्यानंतरही एका हातासाठी पुढची काही वर्षं जातात. म्हणून हा भाग मी जरा सविस्तर सांगते.

आपल्याला वाटतं, हात उचलणं हेच अवघड काम. खरं काम त्याच्या आधी होऊन गेलेलं असतं. क्रम असा असतो: कलाकार दोन हातांवर पाय उघडतो. मग कंबर अगदी सावकाश एका हाताच्या वर सरकते. आधाराच्या हाताचा खांदा कानाला चिकटतो. दुसऱ्या हाताचा तळवा उठतो, फक्त बोटांची टोकं उरतात, आणि शेवटी तीही सुटतात.

पाहायची जागा ही: टोकं सुटली तेव्हा शरीर हललं का? हललं असेल तर वजन अजून पूर्ण सरकलं नव्हतं आणि कलाकाराने हात ओढून घेतला. अजिबात हललं नसेल, तर तो हात उचलण्याआधीच एका हातावर उभा होता, फक्त आपल्याला ते आता कळलं. शिकताना मला कित्येक महिने हेच ऐकावं लागलं: हात उचलू नकोस, हात रिकामा होऊ दे.

एका हातावर पोचल्यावर नवीन अडचण येते. दोन हातांवर शरीर मुख्यतः पुढे-मागे कलतं. एका हातावर ते डावीकडे-उजवीकडेही कलतं आणि खांबासारखं स्वतःभोवती फिरूही पाहतं. हे सगळं एका तळहाताने आवरायचं. त्यात कलाकार पाय हलवतो. एक पाय सरकला की गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून तेवढ्याच वेगाने कंबर विरुद्ध बाजूला जायला हवी. फ्लॅगमध्ये पाय एकीकडे झुकतात आणि कंबर दुसरीकडे जाते, ते यामुळेच. तुम्हाला दिसतं एक सुंदर, संथ झुकणं. प्रत्यक्षात तो तराजूच्या दोन पारड्यांत एकाच वेळी वजन घालत असतो.

उघडे पाय एका हातावर जुळवणं, म्हणजे मी पर्स उघडून बसले होते तो क्षण, हा या प्रकारातल्या सगळ्यात कठीण गोष्टींपैकी एक. शरीर एक उंच, सरळ काठी बनतं आणि सावरायला पायांची मदत संपते. तो कधी येतोय हे ओळखायला शिका: उघडे पाय हळूहळू मिटू लागले, की हातातलं सगळं खाली ठेवा.

६. साधनं समजून घ्या

रंगमंचावर दोन उभ्या कांड्या दिसतील, वर लाकडी ठोकळे आणि खाली जड तळ. यांना केन म्हणतात. लोकांना वाटतं, केनवर उभं राहणं जमिनीपेक्षा अवघड. उंचीची भीती आणि कांडीचं डुलणं आहेच, आणि कांडी जितकी उंच तितकं डुलणं जास्त. पण ठोकळ्याला कडा असते, बोटांना ती धरता येते, बऱ्याच ठोकळ्यांना मनगटाला सोयीचा उतारही दिलेला असतो. सपाट जमिनीवर बोटांना धरायला काहीच नसतं. म्हणून कुणी नुसत्या जमिनीवर एका हाताचं काम करत असेल तर त्याला कमी लेखू नका.

काही प्रयोगांत ठोकळ्यांचे थर रचून त्यांवर उभं राहतात आणि ते एकेक करून खालून काढतात, किंवा खुर्च्यांवर खुर्च्या रचून वर हातांवर उभे राहतात. चिनी कसरतीत खुर्च्यांचा हा प्रकार खूप पाहायला मिळतो. तिथे वर जाण्याच्या वेळेइतकंच रचण्याच्या वेळेकडेही लक्ष द्या. प्रत्येक खुर्ची ठेवल्यावर कलाकार ती हाताने दाबून पाहतो. ती सवय बेगडी नाही.

७. जोडीचा खेळ असेल तर

खाली एक, वर एक. इथे तोल कोण सांभाळतं? बहुतेकजण सांगतील, वरचा. मुख्यतः खालचा सांभाळतो. वरच्याचं काम शरीर एकसंध, घट्ट ठेवणं. त्याने स्वतः तोल सावरायला सुरुवात केली की दोघांच्या दुरुस्त्या एकमेकांशी भांडतात. खालच्याचे खांदे, गुडघे आणि पावलं पाहा, सगळी गोष्ट तिथे चालू असते.

डोक्यावर डोकं टेकवून तोल साधणारी व्हिएतनामी भावांची जोडी, ज्यांग क्वोक को आणि ज्यांग क्वोक न्घिएप, २०१६ साली स्पेनमधल्या गिरोना कॅथेड्रलच्या ९० पायऱ्या ५२ सेकंदांत चढली. तो व्हिडिओ पाहाल तेव्हा वरच्या भावाला विसरा. खालचा भाऊ प्रत्येक पायरीला मान कशी स्थिर ठेवतो, तेवढंच पाहा.

८. कसरत कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते

इथे माझं मत सांगते. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये स्थिर स्थिती दोन सेकंद धरली की पुरते. परीक्षकाला तेवढंच हवं असतं. हँडबॅलन्सरला पाच-सात मिनिटं कथा सांगायची असते आणि त्यातली बरीचशी उलटं राहून. चेहरा खाली असतो, कित्येकदा दिसतही नाही. मग भाव कुठून येणार? पावलांतून, पाठीतून, मोकळ्या हातातून. एका कलाकार स्त्रीने एका हातावर उभं राहून एकच पाऊल हळूच वळवलं होतं, कुणीतरी हाक मारल्यावर मान वळवावी तसं. अवघडपणात त्या हालचालीची किंमत फारशी नव्हती. मला मात्र आज त्या प्रयोगातलं तेवढंच आठवतं.

मोकळा हात हा चांगला निकष आहे. तो काठीसारखा ताठ, नुसता तोलासाठी बाहेर धरलेला असेल तर कलाकार अजून झगडतो आहे. तो हात नाचू शकत असेल, तर आधाराचा हात पूर्णपणे विश्वासाचा झालाय.

श्वासही पाहा. उलटं असताना खांद्यांचे आणि पोटाचे स्नायू घट्ट असतात, त्यामुळे श्वास उथळ होतो, आणि मोठा श्वास घेतला तर तोल हलतो. बरगड्या संगीताच्या लयीत हलताना दिसल्या तर समजा, श्वाससुद्धा बसवलेला आहे.

दोन पोझच्या मध्ये, पायांवर उभा असताना कलाकार काय करतो तेही सोडू नका. घाम पुसतो, मनगट झटकतो, की चालणंही त्याच गोष्टीचा भाग होतं?

९. नवे प्रेक्षक अडकतात त्या जागा

*सेकंद मोजणं.* जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. कधी कधी एक क्षण आधी सोडण्यातच रचना असते.

*पडला म्हणजे हरला असं समजणं.* सर्कसमध्ये एखादा कठीण प्रकार मुद्दाम एकदा फसवून दुसऱ्यांदा जमवण्याची जुनी चाल आहे, उत्सुकता वाढवण्यासाठी. खरी चूक झाली तर मुरलेला कलाकार शांतपणे खाली येतो, आणि ते येणंही पाहण्यासारखं असतं.

*फ्लॅश.* कृपा करून नको. कलाकार हातांच्या मध्ये किंवा ठोकळ्यावर एका बिंदूला नजर लावून तोल धरतो. अंधाऱ्या रंगमंचावर आधारासाठी त्याला तेवढाच बिंदू असतो.

*नको तिथे टाळ्या.* एका हातावर जाताना थांबा, पोचल्यावर वाजवा. शंका असेल तर आसपासच्या जाणत्या प्रेक्षकांकडे पाहा.

*बसायची जागा.* मध्यभागापेक्षा थोडं बाजूला आणि रंगमंचापेक्षा किंचित वर बसा. बाजूने शरीराची रेघ कळते, वरून तळहात दिसतात. फार उंचावरून उंचीच नाहीशी होते.

*घरी येऊन लगेच करून पाहणं.* मोह होतोच. मनगट, खांदे किंवा मानेची दुखापत, रक्तदाब, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल तर उलटं होऊ नका. बाकीच्यांनीही आधी मनगटं नीट मोकळी करावीत आणि भिंतीचा आधार घेऊन, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी. केवळ पाहण्यासाठी एवढं पुरतं: हात जमिनीवर टेकवून, पाय मागे सरळ ठेवून खांदे थोडे पुढे न्या आणि बोटांवर दाब येऊ द्या. दुसऱ्या पायरीतलं सगळं तेवढ्यात कळतं.

१०. कुठे आणि कुणाला पाहावं

चांगलं काम शोधायचं तर शाळा आणि महोत्सव यांच्या नावांनी शोधा. मॉस्कोची सर्कसशाळा १९२७ पासून चालू आहे, माँट्रियलची राष्ट्रीय सर्कसशाळा १९८१ पासून. कीव्हच्या सर्कस अकादमीतून घडलेले हँडबॅलन्सर जगभर दिसतात. महोत्सवांत मोंते कार्लोचा १९७४ पासून, पॅरिसचा 'उद्याची सर्कस' हा तरुण कलाकारांचा महोत्सव १९७७ पासून आणि चीनमधला वुछ्याओचा १९८७ पासून. एकाच महोत्सवातले दोन वेगळ्या परंपरांचे कलाकार लागोपाठ पाहिले तर फरक चटकन कळतो.

एकच प्रयोग तीनदा पाहा: पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा फक्त हात, तिसऱ्यांदा संथ गतीने वर जाणं आणि खाली येणं. मग वहीत तीन ओळी लिहा.

प्रयोगानंतर कलाकाराला भेटायची संधी मिळाली तर "इथेच एकदा करून दाखवा ना" असं म्हणू नका. शरीर थंड झालेलं असतं आणि मनगटं दमलेली. हात मिळवताना जोर लावू नका. विचारायचंच असेल तर विचारा, "आज तोल कोणत्या बाजूला जात होता?" मी आजवर ज्यांना हा प्रश्न विचारला त्यांतल्या एकालाही उत्तरासाठी थांबावं लागलं नाही.